वकीलबाईंना विचारा : बंगाली भाडेकरू, रवांडा आणि एजंटचे पंचवीस लाख

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयाभोवतीची निघाली : स्थलांतर आणि आश्रय. तिघांनीही नाव छापू नका म्हटलंय, तेव्हा फक्त गावं देते.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या एका सभासदाने फ्लॅट तीन बंगाली मुलांना भाड्याने दिलाय. सराफ बाजारात दागिने घडवतात म्हणे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘बांगलादेशी आहेत, बाहेर काढा’ असा धोशा लागलाय. मालेगावच्या बातम्यांनी लोक आधीच बिथरलेत. मी सचिव आहे. तिघांची आधार कार्डं जमा करून ठेवलीत. पुढे काय करू? (इंदिरानगर)

उत्तर : सचिवसाहेब, आधी ती कार्डं ज्याची त्याला परत करा, आजच्या आज. दुसऱ्याचं कार्ड अडकवून ठेवायचा अधिकार सोसायटीला नाही आणि ठेवून उपयोगही नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असं आधारच्या कायद्यातच लिहिलंय. देशात १८२ दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळू शकतं. म्हणजे कार्ड दाखवलं म्हणून माणूस भारतीय ठरत नाही, आणि नाही दाखवलं म्हणून बांगलादेशीही ठरत नाही.

तुम्ही फ्लॅटच्या मालकाला एकच विचारायचं : भाडेकरार नोंदवलाय का, आणि भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याची पोहोच आहे का? नसेल तर त्याला लेखी पत्र द्या, आठ दिवसांची मुदत द्या, प्रत फाइलला लावा. चौकशी पोलीस करतील. जिन्यात उभं राहून ‘जन गण मन म्हणून दाखव’ सांगणं ही चौकशी नव्हे. (हसू नका, असा प्रकार घडल्याचं माझ्या कानावर आलंय.)

आता त्या पोरांविषयी. सराफ बाजारात नाशिककर दागिना पसंत करायला जातो, तो घडतो कुठे ते फारसं कोणी बघत नाही. एकदा वरच्या माळ्यावर जाऊन या. दहा बाय दहाची खोली, मांडीवर पत्र्याचा ट्रे, उन्हाळ्यातही पंखा बंद, कारण सोन्याचा कीस उडायला नको. संध्याकाळी खोली झाडतात तो केरसुद्धा फेकत नाहीत, तो झारेकरी, म्हणजे केरातून सोनं काढणारा, विकत घेतो. या खोल्यांमधले पुष्कळ कारागीर हुगळीचे, मेदिनीपूरच्या घाटाळ भागातले. तिकडच्या गावांत सोनारकाम पिढ्यानपिढ्या चालतं. बंगाली बोलणं हा नाशकात कधीपासून गुन्हा झाला? गांधीनगरच्या दुर्गापूजेला आपणच रांगा लावतो की.

घुसखोर नकोत, या मताची मीही आहे. बेकायदा आलेल्याला शोधून परत पाठवणं हे सरकारचं काम आहे आणि ते व्हावं. त्यासाठीच १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि आणखी तीन जुने कायदे बाजूला सारून २०२५ चा नवा कायदा आला, १ सप्टेंबर २०२५ पासून लागूही झाला. पासपोर्ट-व्हिसाशिवाय घुसलेल्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्यात एक गोष्ट जुन्या कायद्यातली तशीच राहिलीय : मी परदेशी नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच. चोरीच्या आरोपात सरकारला गुन्हा शाबीत करावा लागतो, इथे उलटं. म्हणून इथे बोट दाखवणाऱ्याने दहा वेळा विचार करावा. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीयच निघाले, मग त्यांना परत आणावं लागलं.

मालेगावचं प्रकरण उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांचं; असे दाखले बांगलादेशींनी काढल्याचा आरोप झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठी विशेष तपास पथक नेमलं. खोटे कागद जोडून दाखला काढला असेल तर शिक्षा व्हावी, देणाऱ्यालाही व्हावी. पण उशिरा केलेली प्रत्येक नोंद खोटी नसते. पेठ-सुरगाण्याकडच्या माझ्या अशिलांत अशा कितीतरी बायका होत्या, ज्यांचं बाळंतपण घरात झालं आणि नोंद कुठेच नाही. शाळेत गुरुजींनी अख्ख्या वर्गाची जन्मतारीख १ जून टाकलेली. तुमच्या वडिलांचा वाढदिवसही १ जूनलाच येतो का, बघा बरं.

ग्रुपवर एवढंच टाका : ‘भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे देण्याबाबत मालकाला पत्र दिले आहे. या विषयावर इथे चर्चा नको.’ मग ग्रुप दोन दिवस फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा करून ठेवा.

प्रश्न : वादविवाद स्पर्धेचा विषय आहे ‘निर्वासितांना आश्रय द्यावा की नाही’. सगळे इंग्लंड-अमेरिकेवरच बोलतात. नाशिकच्या मुलीने यावर वेगळं काय बोलावं? (नाशिकरोड)

उत्तर : मुली, तू शरणपूरपासून सुरुवात कर. हिंदी महासागरात गुलामांची जहाजं ब्रिटिश नौदल अडवायचं, त्यातली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जायची. १८५० च्या दशकापासून त्यातल्या पुष्कळांना शरणपूरच्या मिशनच्या आश्रमात ठेवत, सुतारकी-लोहारकी शिकवत. १८७० च्या दशकात बरेच जण पूर्व आफ्रिकेत, मोंबासाजवळ, परत गेले. त्यातला जेकब वेनराइट नाशिकमध्ये शिकलेला. आफ्रिका धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन तो इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या अंत्यविधीत खांदेकऱ्यांत होता. आपल्या शरणपूर रोडवर तिबेटी लोकांकडून स्वेटर घेताना हे कोणाच्या डोक्यात असतं? फाळणीनंतर देवळालीत सिंधी निर्वासितांची छावणी होती, तेही सांग. आणि १९७१. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसं आली. आम्ही शाळकरी पोरं पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट चिकटवायचो, निर्वासितांसाठी. पोस्टात कोणी कुरकुरलेलं मला आठवत नाही. मात्र युद्ध संपल्यावर बहुतेक लोक परत गेले, हेही विसरू नकोस. प्रतिस्पर्धी ते नक्की काढेल.

ब्रिटनबद्दल बोलणारच असशील तर आश्रय मागणाऱ्यांवरचा तिथला राग कुठून येतो ते सांग. आश्रय मागणाऱ्याला तिथे वर्षभर नोकरीच करता येत नाही. मग राहायची सोय सरकारने करायची, म्हणून हॉटेलं. शेजारच्या माणसाला दिसतं काय, तर धट्टीकट्टी पोरं दिवसभर बसून आहेत आणि बिल आपण भरतोय. २०२५ च्या उन्हाळ्यात अशा हॉटेलांसमोर निदर्शनं झाली. त्याआधीच्या सरकारने २०२२ मध्ये या लोकांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायची टूम काढली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती बेकायदा ठरवली, नव्या सरकारने २०२४ मध्ये गुंडाळली. तोवर सुमारे ७० कोटी पौंड खर्च आणि स्वखुशीने गेले चार जण! यावर टाळ्या हमखास.

आपल्याकडची बाजू अवघड आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे तिबेट्यांना एक वागणूक, श्रीलंकेच्या तमिळांना दुसरी, म्यानमारच्या रोहिंग्यांना तिसरी. बांगलादेशच्या माजी पंतप्रधान शेख हसीना ऑगस्ट २०२४ पासून दिल्लीत आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालय एका श्रीलंकन तमिळाला म्हणालं, भारत ही धर्मशाळा नव्हे. पण याच न्यायालयाने १९९६ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितलं होतं, की जीविताच्या हक्काचं कलम २१ नागरिक नसलेल्यालाही लागू आहे. माझं मत विचारशील तर कायदा हवा, कडक असला तरी चालेल, पण लेखी हवा. मर्जीवर चालणारी दया मला पटत नाही. तुला पटत असेल तर तशी बाजू मांड, फक्त निकाल ऐकताना रडू नकोस.

प्रश्न : पुतण्या बी.कॉम. आहे. एजंट म्हणतो, व्हिजिटर व्हिसावर इंग्लंडला नेतो, तिथे आश्रयाचा अर्ज टाकायचा, निकाल लागेपर्यंत काम करायचं. पंचवीस लाख मागतोय. तीन लाख दिले, पासपोर्ट त्याच्याकडे आहे. उरलेल्यासाठी भाऊ द्राक्षबाग विकायला निघालाय. (निफाड तालुका)

उत्तर : दादा, बाग विकू देऊ नका.

आश्रयाच्या मुलाखतीत पहिला प्रश्न येतो : तुझ्या जिवावर कोण उठलंय आणि का? कारण वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांतलं असावं लागतं. अवकाळीने घड गेले, व्यापारी पैसे बुडवून पळाला, सोसायटीचं कर्ज थकलं, ही संकटं खरीच, पण यात बसत नाहीत. मग एजंट खोटी कहाणी पाठ करून घेईल. ती उघडी पडली की पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जावर तो डाग राहतो. भारताला ‘सुरक्षित देश’ धरायचा निर्णय ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्येच जाहीर केला. युरोपीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये मांडलेल्या तशाच यादीतही भारत आहे. आणि काम? वरच्या मुलीला लिहिलंय ते वाचा : वर्षभर नाही, त्यानंतरही परवानगी मागावी लागते आणि ती ठरावीक कामांपुरतीच.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातापायांत बेड्या. त्यात तिघे महाराष्ट्रातले होते.

परदेशी नोकरीच लावून देतो असं एजंट म्हणत असेल तर त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते, एजंटने तो अडकवून ठेवायचा नाही. तो व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. टाळाटाळ झाली तर त्या स्क्रीनशॉटसह आणि तीन लाखांच्या बँक नोंदीसह पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. पैसे रोख दिले असतील तर कोणासमोर दिले त्याचं नाव तक्रारीत घाला. पुतण्याला बरोबर न्या, अर्जावर सही त्याचीच लागेल.