पहिली बादली तांबूस का येते?

प्रश्न : लालबागच्या आमच्या चाळीत सकाळी पाणी आलं की पहिली बादली कोऱ्या चहासारखी तांबूस, मग पाणी नितळ. प्यावं का?

उत्तर : ताई, हा बहुधा गंज. पाणी ठरावीक वेळेलाच येतं. एरवी जुन्या लोखंडी पाइपात ते साचतं आणि पाणी सुटलं की जोरानं गंज निघतो. ती बादली लादी पुसायला ठेवा, पांढरे कपडे मात्र भिजवू नका, डाग निघता निघत नाहीत. पिण्याचं पाणी नितळ झाल्यावरच भरा. ग्लासात तळाशी तांबडी पूड बसली तर गंजच. पांढुरकं पाणी खालून वर स्वच्छ होत गेलं तर नुसती हवा. काळपट, घाण वासाचं आलं तर उकळूनसुद्धा पिऊ नका, पालिकेला १९१६ वर कळवा. आणि शेजारच्या खोल्यांत विचारा. एकट्या तुमच्याच नळाला तांबूस येत असेल तर आधी प्लंबर बोलवा.