फिश टँकचा एलईडी फारच प्रखर आहे; निऑन टेट्रा दिवसभर झाडामागे लपतात आणि काचेवर हिरवं शेवाळ येतं. उजेड कमी कसा करू?

दिवा बदलायची घाई करू नका. निऑन हे मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातल्या सावलीच्या, चहासारख्या पाण्यातले मासे, त्यामुळे ते लपणारच.

आधी दिवा काचेपासून सहा-आठ इंच वर टांगा. मग पाण्यावर तरंगणारी वनस्पती सोडा, पण अर्धा पृष्ठभाग मोकळा ठेवा. माझा सगळ्यात आवडता उपाय मात्र आपल्या कोकणात फुकट मिळतो, तो म्हणजे देशी बदामाचं पान. रत्नागिरीत आमच्या अंगणात गळून पडलेलं, पूर्ण वाळून तांबूस झालेलं पान धुऊन, पाच मिनिटं उकळून टाकीत सोडते. वीस लिटरला एक पुरतं. दोन-तीन दिवसांत पाणी फिकट चहाच्या रंगाचं होतं, आणि निऑनची निळी रेघ पुन्हा उठून दिसते. फवारणी झालेल्या झाडाचं पान घेऊ नका.

शेवाळासाठी दिवा सहा-सात तासच लावा. साधा काट्याचा टायमर असेल तर पावसाळ्यात लाईट गेली की तो थांबतो आणि वेळ पुढे सरकते. तेव्हा रोज बघत जा. टाकी खिडकीजवळ असेल तर आधी ती हलवा.