टोळीतल्या पोरांसोबत काम सुरू करताना
नवीन आहात, तर सध्या एवढंच सांभाळा.

पहिल्याच भेटीत ‘टोळी सोड’ म्हणू नका. माझी चूक इथेच झाली. पोरगा परत फिरकलाच नाही. आधी जेवलास का, ते विचारा.

बंदूक हातात यायच्या आधी पोरगं बहुधा पहाऱ्यावर असतं. ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोच्या फावेलांत, म्हणजे तिथल्या झोपडपट्ट्यांत, पोलीस दिसताच फटाका उडवून इशारा देणारी मुलं असायची. त्या टप्प्यावर गाठणं त्यातल्या त्यात सोपं.

नावं, माल, हत्यारं? चुकूनही विचारू नका. तुम्ही खबरी ठरलात, तर जीव त्याचा जाईल.

रिओतच २००० साली ‘लुता पेला पाझ’ (शांततेसाठी लढा) हे अशाच पोरांसाठीचं काम बॉक्सिंगच्या वर्गातून सुरू झालं. तुम्हीही एकच काहीतरी धरा, पण ठरल्या वेळी हजर राहा. कायदा, पुनर्वसन नंतर बोलू.