२०२३-२४ च्या एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीने सहाही सामने का गमावले, आणि भारतीय क्लब त्या स्पर्धेत पुन्हा कधी दिसेल?

आपला प्रश्न दोन भागांचा आहे. त्यातील दुसऱ्या भागाचे खात्रीशीर उत्तर आज भारतीय फुटबॉलमधील कोणाकडेही असेल असे मला वाटत नाही, त्यामुळे माझा भर पहिल्यावरच राहील. खरे सांगायचे तर ‘सहाही सामने का गमावले’ हे शब्द वाचले आणि आमच्या घरातला एक जुना वाद डोळ्यांसमोर उभा राहिला. उत्तर लांबले तर त्याचे कारण हेच समजावे.

आमचे भावोजी क्रिकेटचे निस्सीम भक्त आहेत. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला सौदी क्लब अल शबाबने मुंबई सिटीला ६-० असे हरवले, तेव्हापासून त्यांनी माझे बारसेच केले आहे. दिवाळी असो वा लग्नकार्य, दारात पाऊल ठेवतानाच ते विचारतात, “काय सहा-शून्य, काय म्हणतोय तुमचा फुटबॉल?” ऑक्टोबर २०२३ मध्ये अल हिलाल या दुसऱ्या सौदी क्लबने त्याच रियाधमध्ये तोच गोलफलक पुन्हा लावला, तेव्हा तर त्यांना जणू स्वतःच शतक ठोकल्यासारखे वाटले असावे. “आपल्या पोरांच्या रक्तातच हा खेळ नाही,” हे त्यांचे ठरलेले वाक्य आहे, आणि आपल्या प्रश्नाखाली आलेल्या दोन-तीन उत्तरांतही हेच वेगळ्या शब्दांत लिहिलेले दिसले. माझ्या मते हे म्हणणे आळशीपणाचे आहे.

त्याच २०२२ च्या हंगामात, अल शबाबच्या त्या दणक्याच्या काही दिवस आधी, ११ एप्रिलला मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले होते. या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय. एअर फोर्स हा काही लिंबूटिंबू संघ नव्हता. २०१६, २०१७ आणि २०१८ असा सलग तीन वर्षे त्यांनी एएफसी कप हा आशियातील दुसऱ्या स्तराचा करंडक जिंकला होता, आणि त्यातील पहिल्या वर्षी दोहाच्या अंतिम सामन्यात आपल्या बंगळुरूलाच १-० असे नमवले होते. अशा संघाने आधी गोल केला असताना दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि राहुल भेकेने कॉर्नरवर उडी घेऊन डोक्याने विजयी गोल केला. भेके मुंबईचा, मराठी घरातला मुलगा. त्याच्या रक्ताची तपासणी भावोजींनी नेमकी कुठल्या प्रयोगशाळेत करून घेतली, हे मी त्यांना अनेकदा विचारले आहे. शेवटच्या सामन्यात मुंबईने एअर फोर्सला पुन्हा, या वेळी १-० ने, हरवले आणि ७ गुणांसह गटात दुसरे स्थान मिळवले. त्याच्या आदल्या वर्षी एफसी गोवाने घरच्या फातोर्डा मैदानावर तीन बरोबरींवर ३ गुण मिळवले होते, म्हणजे आलेख वरच चालला होता.

मग दीड वर्षात असे काय झाले की त्याच क्लबच्या वाट्याला सहा पराभव, शून्य गुण, एक गोल केलेला आणि सतरा स्वीकारलेले असा हिशेब आला?

पहिले कारण नियमाचे आहे. २०२२ मध्ये मैदानावर तीन परदेशी आणि एक आशियाई असे चार बाहेरचे खेळाडू उतरवता येत. आयएसएलमध्येही (इंडियन सुपर लीग, आपली देशांतर्गत स्पर्धा) चारच परदेशी खेळतात आणि किमान सात भारतीय मैदानात असावे लागतात, त्यामुळे मुंबईची रोजची घडी आणि आशियातील घडी एकच होती. २०२३-२४ पासून आशियाई महासंघाने ही मर्यादा पाच अधिक एक अशी वाढवली. नेमक्या त्याच उन्हाळ्यात सौदी क्लबांनी युरोपच्या बाजारात पैशांचा पाऊस पाडला, आणि अल हिलालकडे बोनो, कुलिबाली, रुबेन नेव्हेस, मिलिंकोविच-साविच, मित्रोविच आणि नेमार ही मंडळी एका दमात जमा झाली. जगभरातील लीगांत नावाजलेले इतके खेळाडू एकाच संघात असताना समोरच्या सात भारतीयांकडून बरोबरीची अपेक्षा धरणाऱ्याला आशावादी म्हणावे लागेल.

दुसरे कारण वेळापत्रकाचे, आणि याविषयी कोणी बोलतच नाही. २०२२ चे सामने आयएसएलचा हंगाम संपल्यानंतर लगेच एप्रिलमध्ये झाले होते, म्हणजे खेळाडूंचे पाय मोकळे होते. या वेळी स्पर्धा सप्टेंबरात सुरू झाली. इराणच्या नसाजी माझंदरानविरुद्धचा पहिला सामना १८ सप्टेंबरला झाला आणि आयएसएल सुरू झाली २१ तारखेला. ऑगस्टमधल्या ड्युरँड कपखेरीज अंगात एकही चुरशीचा सामना नसताना संघाला आशियात उतरावे लागले, आणि तो सामना मुंबईने ०-२ असा गमावला.

तिसरे कारण घराचे. मुंबई सिटीचे अंधेरीचे मैदान आशियाई महासंघाच्या निकषांत बसत नव्हते, म्हणून ‘घरचे’ सामने पुण्याला बालेवाडीत ठेवावे लागले. १८ सप्टेंबर २०२३ हा सोमवार होता आणि दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. मखर, आरास, गावी जाणाऱ्या गाड्या आणि द्रुतगती मार्गावरील रांगा हे सारे ओलांडून कोणता मुंबईकर त्या संध्याकाळी बालेवाडीला जाईल? तारखा महासंघ ठरवतो हे मान्य, पण ज्या महानगरात आंतरराष्ट्रीय क्रिकेटची मैदाने हाताच्या अंतरावर आहेत, तिथे आशियाई दर्जाचे एक कायमचे फुटबॉल मैदान उभे राहू नये, याची लाज खेळाडूंना नव्हे, इतरांना वाटायला हवी.

अल हिलालविरुद्धचा घरचा सामना मात्र ६ नोव्हेंबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाला, आणि त्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे.

२४ ऑगस्टला सोडत निघाली आणि मुंबई व अल हिलाल एकाच गटात आले, तेव्हा नेमारला अल हिलालमध्ये येऊन जेमतेम दहा दिवस होत होते. ‘नेमार भारतात येणार’ या एका वाक्यावर ज्यांनी जन्मात आयएसएल पाहिली नव्हती ते तिकिटे शोधू लागले. भावोजी त्यांतलेच. तिकिटे मीच काढावीत असे फर्मानही त्यांनीच सोडले. पुढे १७ ऑक्टोबरला उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि सारा उत्साह ओसरला. भावोजी तरीही आले. “पैसे गेलेत, म्हणून आलोय,” हे त्यांनी नेरुळ स्थानकाबाहेर पडता पडताच स्पष्ट केले. त्या दिवशी दिल्लीत बांगलादेश आणि श्रीलंकेच्या सामन्यात अँजेलो मॅथ्यूजला ‘टाइम्ड आउट’ देण्यात आले होते, आणि रांगेत उभे असताना पुढचे-मागचे सगळे त्याच विषयावर तावातावाने बोलत होते. आमच्या पुढच्या ओळीत ब्राझीलची पिवळी जर्सी घातलेला एक मुलगा नेमार निदान प्रेक्षागृहात तरी येऊन बसेल या आशेवर होता. चारच दिवसांपूर्वी ब्राझीलमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, हे त्याला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

आता खेळाविषयी. पूर्वार्धात चेंडू बहुतांशी अल हिलालच्या पायांत होता, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु मुंबईची बचावाची फळी एकमेकांपासून फारशी अंतरे न सोडता डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे अशी सरकत राहिली की नेव्हेससारख्या माणसालाही पुढे पास देण्याऐवजी वारंवार मागे वळावे लागत होते. गोलरक्षक फुर्बा लाचेन्पाने चेंडू अडवला की आधी तुरळक आणि मग मैदानभर टाळ्या पडत होत्या. मध्यंतराला गोलफलक ०-० होता. तोवर मोबाइलवर क्रिकेटचेच काहीबाही पाहत असलेल्या भावोजींनी फोन खिशात घातला आणि मला विचारले, “हा गोलकीपर कुठला?” मी म्हणालो, “सिक्कीमचा.” त्यावर ते काही बोलले नाहीत, पण फोन पुन्हा बाहेर आला नाही. उत्तरार्धात मुंबईच्या मेहताब सिंगला लाल कार्ड मिळाले, दहाजण उरले, आणि मग अल हिलालच्या मायकेल व मित्रोविच यांच्या गोलांनी सामना ०-२ असा गेला. रियाधच्या सहा गोलांनंतर दोनच आठवड्यांनी, तेही बराच वेळ दहा जणांनिशी, दोन गोल. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर मॅक्सवेलने नाबाद २०१ केल्या आणि या सामन्याचा विषयच संपला, हे त्या रात्री लढलेल्या खेळाडूंवर अन्यायाचे झाले असे माझे मत आहे.

अल हिलालच्या त्या हंगामाविषयी एक गोष्ट भावोजींना मी पुन्हापुन्हा ऐकवतो. सप्टेंबरअखेर सुरू झालेली त्यांची विजयांची मालिका सलग ३४ सामने चालली आणि तो जागतिक विक्रम ठरला. मुंबईचे दोन्ही पराभव त्या चौतिसांतले आहेत. ही मालिका १७ एप्रिल २०२४ रोजी उपांत्य फेरीत तुटली, जेव्हा अमिरातीच्या अल ऐनने स्वतःच्या मैदानावर त्यांना ४-२ असे हरवले आणि त्यात सुफियान रहिमीने तीन गोल केले. क्रेस्पोच्या प्रशिक्षणाखालील याच अल ऐनने पुढे अंतिम फेरीत योकोहामा एफ. मारिनोसला दोन सामने मिळून ६-३ ने हरवून करंडक उचलला. म्हणजे आशियाच्या विजेत्यालाच जे साधले, ते मुंबईला साधले नाही. यात रक्ताचा प्रश्न येतोच कुठे?

चौथे कारण त्या सामन्यानंतरचे आहे. ज्यांच्या हाताखाली २०२२ चे यश मिळाले होते ते प्रशिक्षक डेस बकिंगहॅम नोव्हेंबरच्या मध्यास इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेले. नवे प्रशिक्षक पेत्र क्रात्की डिसेंबरात आले, तोवर नसाजीविरुद्धचा तेहरानचा सामना (०-२) आणि गटातल्या चौथ्या संघाविरुद्धचा, नवबहोरविरुद्धचा, बालेवाडीतील सामना (१-२) उरकून गेला होता. स्पर्धा ऐन भरात असताना कायमचा प्रशिक्षक नसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आता काही गोष्टी मला नाइलाजाने माझ्याच विरोधात नोंदवाव्या लागतील, नाहीतर भावोजी त्या खाली लिहितीलच. परदेशी खेळाडूंची नवी मर्यादा मुंबईलाही लागू होती आणि सहाजण उतरवण्यास त्यांना कोणी अडवले नव्हते. सहा सामन्यांत एकच गोल हा आघाडीच्या फळीचा दोष आहे, त्याला मैदान किंवा तारीख जबाबदार नाही. शिवाय नवबहोर हा उझबेकिस्तानातील नमनगानचा क्लब, त्याच्याकडे सौदी पैसा नव्हता, तरीही त्यांनी पहिल्याच दिवशी रियाधमध्ये अल हिलालला १-१ असे रोखले आणि १३ गुण मिळवले. नसाजीने तर त्यांचे दोन्ही विजय मुंबईवरच मिळवले. अल हिलालकडून हरणे एकवेळ समजू शकते, परंतु नसाजीविरुद्ध दोन सामन्यांत मिळून एकही गोल न होणे मलाही पचलेले नाही. तरी नवबहोरच्या कामगिरीचे उत्तर उझबेकांनी लहान वयाच्या खेळाडूंवर घेतलेल्या मेहनतीत आहे, आणि मेहनत ही शिकता येण्यासारखी गोष्ट आहे.

राहता राहिला आपला दुसरा भाग. २०२४-२५ पासून वरची स्पर्धा ‘एलिट’ या नावाने २४ क्लबांची झाली आणि तीत भारताला थेट जागा उरली नाही. आपले विजेते आता ‘एसीएल टू’ (एएफसी चॅम्पियन्स लीग टू) या दुसऱ्या स्तरावर खेळतात, आणि तिथल्या निकालांवर देशाचे गुणांकन ठरत असल्याने वर चढण्याचा रस्ता तिथूनच जातो. पण मोहन बागान ऑक्टोबर २०२४ मध्ये सामन्यासाठी इराणमधील तबरीझला गेला नाही आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सेपाहानविरुद्धही इराणला गेला नाही. खेळाडूंच्या सुरक्षिततेची चिंता खोटी होती असे मी म्हणणार नाही, मात्र न खेळलेल्या सामन्यांचे गुण मिळत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच स्पर्धेत फातोर्ड्याला रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र आला, रोनाल्डो आला नाही, आणि पुन्हा तीच रडारड झाली. त्या सामन्यात ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच मुलाने गोल केला आणि एफसी गोवा केवळ १-२ असा हरला. भावोजींनी मला त्या रात्री संदेश पाठवला तो रोनाल्डो का आला नाही हे विचारण्यासाठी. ब्रायसनचा गोल त्यांनी पाहिलाच नव्हता, तो मी त्यांना लगेच पाठवला आणि खाली एवढेच लिहिले की याचेही रक्त तपासून घ्या.