बंधक नव्हे, ओलीस

प्रश्न असा आहे: सगळी कथा एकाच इमारतीत, बसमध्ये किंवा बोटीवर घडते अशा थरारपटांविषयी लिहिताना आत अडकलेल्यांना 'बंधक' म्हणायचं की 'ओलीस'? आणि 'ओलीसांची सुटका' हे बरोबर आहे का?

'ओलीस' म्हणा. 'बंधक' हिंदी बातम्यांतून आला. संस्कृत म्हणून तो अधिक शुद्ध, असं ठासून सांगणाऱ्यांनी संस्कृतातला अर्थ तरी पाहावा: बंधक म्हणजे गहाण, तारण. तोच अर्थ सांगणारा मराठी शब्द हाताशी असताना हा आणायचं काही कारण नाही.

त्याहून संताप येतो तो 'तिसाव्या मजल्यावरच्या लोकांचं अपहरण' असं वाचताना. हरण म्हणजे नेणं. जी माणसं जागची हललीच नाहीत, त्यांचं अपहरण कसलं? विमान पळवलं तर अपहरण विमानाचं होतं, प्रवासी ओलीस असतात.

नुसतं कोंडलं म्हणूनही कोणी ओलीस होत नाही. बंद पडलेल्या लिफ्टमधला माणूस अडकलेला, तळघरात डांबलेला बंदी. ओलीस म्हटलं की तिसरा पक्ष लागतोच: ज्याच्याकडे मागणी केली जाते तो. ओलीस धरण्याविरुद्धच्या 1979 च्या आंतरराष्ट्रीय करारातली व्याख्याही तिसऱ्या पक्षावरच्या सक्तीवरच उभी आहे. म्हणून 'स्पीड' या चित्रपटातले बसप्रवासी ओलीसच. बसमध्ये त्यांना धरून ठेवणारा कोणी नाही, वेग ताशी 50 मैलांखाली गेला की फुटेल असा बॉम्ब आहे. पण बाहेर पोलिसांकडे 37 लाख डॉलर मागितलेले आहेत. 'डाय हार्ड' या चित्रपटात चोर उंच इमारतीतल्या लोकांना ओलीस धरतात, पण त्यांची कैदी सोडण्याची मागणी खोटी असते. चोरांना हवी असते तिजोरी. बाहेरचे मात्र ती मागणी खरी धरून ठरावीक पद्धतीने वीज तोडतात आणि तिजोरीचं शेवटचं कुलूप त्यामुळेच उघडतं. ओलीस या शब्दावर बाहेरच्यांनी ठेवलेला विश्वासच चोरांच्या कामी येतो.

आता खरी गंमत. बहुतेक कोश 'ओलीस' हे अखंड नाम मानून पुढे सरकतात. ते मला अजिबात पटत नाही. हिंदीत 'ओल' हा स्त्रीलिंगी शब्द आहे. अर्थ, अट पुरी होईपर्यंत जामीन म्हणून दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू किंवा माणूस. 'ओल में देना' असा प्रयोग आहे. हीच ओल मराठीत चतुर्थीचा 'स' लावून चालवा: भिंत, भिंतीस, ओल, ओलीस. आपल्याकडे शेजारीच 'वेठीस धरणे' उभं आहे. वेठ म्हणजे सक्तीची बिनमोल मजुरी, मूळ संस्कृत विष्टि. तिथला 'स' प्रत्यय आहे हे सगळे मान्य करतात. मग 'ओलीस ठेवणे'मधला 'स' शब्दाचाच अवयव कसा झाला? माझ्या मते प्रत्यय शब्दाला चिकटला, मूळची ओल मराठी विसरली आणि उरलेल्या रूपालाच लोक माणूस समजू लागले.

क्रियापदही याच बाजूने बोलतं. जुन्या तहांत ओलीस पळवत नसत, देत असत. 1792 च्या श्रीरंगपट्टणच्या तहात 3 कोटी 30 लाखांची खंडणी ठरली आणि टिपूने आपले दोन मुलगे इंग्रजांच्या गव्हर्नर जनरलकडे, कॉर्नवॉलिसकडे, ओलीस दिले. तिथे कोणी दार फोडून आत शिरलं नव्हतं. 'देणे' आणि 'ठेवणे' ही तारणाची क्रियापदं. 'धरणे' जबरदस्तीतून आलं. थरारपटासाठी 'ओलीस धरले' योग्यच, कारण तिथे कोणी कोणाला सोपवत नाही.

लेखनाचं थोडक्यात: 'ओलीसांची' चूक, 'ओलिसांची' बरोबर. तत्सम नसलेल्या, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा न आलेल्या, शब्दातला उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षराचा) दीर्घ ईकार सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना, ऱ्हस्व होतो: गरीब, गरिबांना, जमीन, जमिनीला, ओलीस, ओलिसांना. प्रत्यय नसेल तर दीर्घच: 'पाच ओलीस सुटले'.