तवांगची युद्धभूमी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: १९६२च्या युद्धाची ठिकाणं बघायला आम्ही अरुणाचलमधल्या तवांगला जाणार आहोत. किती दिवस धरावेत आणि कधी जावं? सोबत ६८ वर्षांचे वडील आहेत. (सातारा)

उत्तर: गुवाहाटी ते गुवाहाटी सात दिवस. पहिला मुक्काम भालुकपोंग, दुसरा दिरांग, मग तवांगला तीन रात्री आणि परतीत बोमदिला. दिरांग सुमारे ५,००० फुटांवर, तवांग १०,००० वर, आणि चीनच्या सीमेवरची बुमला खिंड १५,२०० वर. तवांगला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गावातच राहा, युद्धस्मारक बघा. बुमला तिसऱ्या दिवशी. पाच दिवसांच्या सहलीत बुमलाला बर्फ पडून रस्ता बंद झाला, की दुसरी संधीच उरत नाही. वडिलांना त्या सकाळी डोकेदुखी, मळमळ असेल तर त्यांनी तवांगलाच थांबावं. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

पावसाळ्यात दरडी कोसळतात. ऑक्टोबरचा उत्तरार्ध सगळ्यात चांगला. चीनचा हल्ला २० ऑक्टोबरचा. त्या हवेत पहाटे बाहेर उभं राहिलं, की उन्हाळी कपड्यांवर नामका चू नदीकाठी पाठवलेल्या जवानांचं काय झालं असेल, ते वेगळं सांगावं लागत नाही.

प्रश्न: सेला बोगदा झाल्यावर खिंडीत जाण्यात अर्थ आहे का? (नाशिक)

उत्तर: आहे. सेला ही दिरांग आणि तवांगच्या मधली खिंड, पण ड्रायव्हरला दिरांगमध्येच सांगून ठेवा. मार्च २०२४पासून गाड्या बोगद्यातून जाऊ शकतात. न सांगता बसलात तर १३,७०० फुटांवरची खिंड डोक्यावरून निघून जाईल.

खिंडीत सगळे तवांगकडे तोंड करून फोटो काढतात. तुम्ही पाठ फिरवा आणि दिरांगकडे बघा, कारण सेला पडली ती मागच्या बाजूने. तिथले भारतीय ६२ ब्रिगेडचे मोर्चे भक्कम होते. पण चिनी तुकड्या पोशिंग ला ही खिंड ओलांडून थेंबांगमार्गे आल्या आणि दिरांग-बोमदिला रस्ता तोडला. रसद बंद पडणार हे दिसताच १७-१८ नोव्हेंबरच्या रात्री सेला सोडण्यात आली. माघारी येणाऱ्या तुकड्या खाली न्युकमादुंगजवळ कापल्या गेल्या. तिथलं स्मारक दिरांगहून चढताना वाटेतच लागतं, तरी बहुतेक गाड्या थांबत नाहीत. वेळ असेल तर दिरांग-बोमदिला रस्त्यावरच्या फाट्याने थेंबांगलाही जाऊन या. दगडी वेशीचं, मोनपा या स्थानिक जमातीचं जुनं गाव आहे.

प्रश्न: जसवंतगडची ७२ तासांची कथा खरी का? (पुणे)

उत्तर: जसवंतसिंह रावत यांनी एकट्याने ७२ तास झुंज दिली, सेला आणि नूरा या दोघी मुली मदतीला होत्या, ही लोकांत रुळलेली कथा. नोंदीतली हकिगत वेगळी आहे आणि आम्हाला तीच जास्त भिडते. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी नूरानांगला एका चिनी मशीनगनने ४ गढवाल रायफल्सला जखडून टाकलं होतं. रायफलमन जसवंतसिंह रावत, लान्सनायक त्रिलोकसिंह नेगी आणि रायफलमन गोपालसिंह गुसाईं सरपटत तिच्यापर्यंत गेले, ग्रेनेड टाकले आणि गनच उचलून आणली. परतताना रावत आणि नेगी पडले. गुसाईं जखमी अवस्थेत पोचले. रावत यांना महावीर चक्र, बाकी दोघांना वीर चक्र. जसवंतगडच्या स्मारकात रावत यांचं अंथरूण आजही रोज घातलं जातं. बोगद्यातून गेलात तरी हे ठिकाण पुढे रस्त्यावरच आहे.

प्रश्न: बुमलासाठी वेगळा परवाना लागतो का? (मडगाव)

उत्तर: हो. अरुणाचलचा इनर लाइन परवाना घरूनच ऑनलाइन काढा. बुमलाचा वेगळा परवाना तवांगला निघतो. स्थानिक टॅक्सीवाले आदल्या दिवशी काढून देतात. ओळखपत्राच्या आणि इनर लाइन परवान्याच्या चार-चार झेरॉक्स आणि फोटो जवळ ठेवा, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानासमोर अर्धा दिवस जातो. विदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांना बुमलाला सोडत नाहीत. तवांगहून अंतर ३७ किलोमीटर, पण दोन तास लागतात. सकाळी लवकर निघा. वाटेत १९६२च्या युद्धातले परमवीर चक्र विजेते सुभेदार जोगिंदरसिंह यांचं स्मारक आहे. तिथे उतरा, मात्र रस्ता सोडून उतारावर भटकू नका. जुने सुरुंग असू शकतात.