‘बगळचोच’ की ‘बलाकचोच’?

कुंडीतल्या जाड, रसाळ खोडाच्या पेलार्गोनियमला इंग्रजीत ‘स्टॉर्क्सबिल’, म्हणजे स्टॉर्क पक्ष्याची चोच, म्हणतात, तर मराठीत त्याला ‘बगळचोच’ म्हणावे की ‘करकोचाची चोच’, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते दोन्ही नकोत.

पक्ष्याशी साम्य आहे ते फुलाचे नव्हे, फळाचे. पाकळ्या गळाल्या की मधोमध एक ताठ, टोकदार सुळका वाढतो आणि बुडाच्या फुगीर भागासह तो चोच पुढे केलेल्या डोक्यासारखाच दिसतो. वाळल्यावर त्याचे पाच भाग होतात आणि प्रत्येक बी आपली पिळदार, लवदार शेपटी घेऊन सुटे होते. याच चोचीवरून तीन प्रजातींना (जवळच्या जातींच्या गटांना) तीन पक्ष्यांची ग्रीक नावे मिळाली: ‘गेरानोस’ म्हणजे क्रौंच (इंग्रजीत क्रेन), त्यावरून जिरेनियम, ‘पेलार्गोस’ म्हणजे स्टॉर्क, त्यावरून पेलार्गोनियम, आणि ‘एरोडिओस’ म्हणजे बगळा, त्यावरून एरोडियम. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये ही सारी झाडे जिरेनियमातच घातली होती. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए यांनी १७८९ मध्ये ती वेगळी केली, तरी बागवानांच्या तोंडी जुनेच नाव राहिले; आपल्याकडे तेलासाठी लावतात ते ‘जिरेनियम’ही वस्तुतः पेलार्गोनियमच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागात खोडात पाणी साठवून तग धरणाऱ्या जातीही याच प्रजातीतल्या.

तेव्हा बगळा एरोडियमकडे गेला. उरला करकोचा, पण हा शब्द फार सैल आहे: कोल्ह्याच्या गोष्टीतला करकोचा स्टॉर्क असतो आणि कांड्या करकोचा मात्र क्रौंचकुळातला. स्टॉर्कसाठी पक्षिनिरीक्षकांत ‘बलाक’ रूढ आहे, उदाहरणार्थ चित्रबलाक. बगळा मान मुडपून उडतो, बलाक ती ताणून. क्रौंचही मान ताणूनच उडतो, पण तो तुतारीसारखा ओरडतो, तर बलाक बहुधा मुका असून चोचीच वाजवतो. संस्कृत काव्यातली, मेघांबरोबर उडणारी ‘बलाका’ बगळ्यांच्या जवळची मानली जाते, त्यामुळे व्युत्पत्तीचा हट्ट धरल्यास हाही शब्द डळमळेल. परंतु मी आजच्या रूढीला अधिक वजन देईन.

चोचीवरून झाडाला नाव देण्याची रीत आपल्यालाही परकी नाही. हादग्याला संस्कृतात ‘बकपुष्प’ म्हणतात, आणि त्याची वाकडी कळी पाहिली की का ते सांगावे लागत नाही. म्हणून लेखनात ‘बलाकचोच’ खुशाल वापरावे. रोपवाटिकेत मात्र ‘जिरेनियम’च मागावे, म्हणजे हवे ते रोप मिळेल.